दोनशे पानी वहीतली कादंबरी

गेल्या जून महिन्यातली गोष्ट. शाळा सुटली होती. मी कपाटाला कुलूप लावत होते, तेवढ्यात दारात कुणीतरी उभं असल्यासारखं वाटलं. पाहते तर सातवीतली एक मुलगी. हातात दोनशे पानी वही, वहीला खाकी कव्हर आणि कव्हरवर स्केचपेनने रंगवलेलं मोठ्ठं नाव.

"बाई, मी कादंबरी लिहिलीय," ती म्हणाली. मग जरा घुटमळून, "छापायला किती पैसे लागतात हो?"

खरं सांगू का? मला पहिल्यांदा हसूच आलं. कादंबरी! इथे निबंधाच्या पंधरा ओळी म्हटलं तरी निम्मा वर्ग कुरकुरतो, आणि ही कादंबरी घेऊन आली. पण तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि हसू गिळून टाकलं. वही पिशवीत घातली आणि घरी नेली.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तिचे वडीलच आले. ते शिंपीकाम करतात, बाजारपेठेत त्यांचं छोटंसं दुकान आहे. त्यांनी मला मोबाईलवर एक जाहिरात दाखवली. पंचवीस हजार रुपये भरले की मुलांचं पुस्तक छापून मिळणार, वर शंभर प्रती, एक प्रमाणपत्र आणि एक ट्रॉफी. ते म्हणाले, "बाई, ओव्हरलॉकच्या नव्या मशीनसाठी पैसे बाजूला ठेवलेत. पण पोरीचं नाव होणार असेल तर मशीन थांबेल की वर्षभर. तुम्ही म्हणाल तसं करू."

आली का पंचाईत! प्रश्न वडिलांचा, आणि उत्तर द्यायचं मी. मी त्यांच्याकडून आठ दिवसांची मुदत मागून घेतली. त्या आठ दिवसांत मी जे वाचलं, जे आठवलं आणि चार जाणत्या माणसांना जे विचारलं, ते आज तुम्हाला सांगते. कारण अशी एखादी वही तुमच्याही दप्तरात लपलेली असेल. आणि पालकहो, तुम्हीही वाचा बरं का. शेवटचा भाग तर तुमच्यासाठीच आहे.

टल्साची सुझन

अमेरिकेत ओक्लाहोमा नावाचं राज्य आहे, त्यात टल्सा नावाचं शहर. तिथे १९६०च्या दशकात सुझन हिंटन नावाची मुलगी विल रॉजर्स हायस्कूलमध्ये शिकत होती. वाचनाचं प्रचंड वेड. पण झालं असं की तिच्या वयाच्या मुलांसाठी जी पुस्तकं होती ती तिला मुळीच पटेनात. त्यांत घोड्यांच्या गोष्टी, नाही तर शाळेच्या नाचाच्या समारंभाला कोण कोणाबरोबर जाणार याच्या गोष्टी. आणि तिच्या शाळेत मात्र दिवसाढवळ्या मारामाऱ्या चालायच्या! एकीकडे श्रीमंत वस्तीतली मुलं, त्यांना म्हणायचे 'सोश'. दुसरीकडे गरीब वस्तीतली, डोक्याला चपचपीत तेल लावणारी मुलं, ती 'ग्रीझर'. एके दिवशी सुझनचा एक मित्र सिनेमा पाहून घरी परतत होता. श्रीमंत मुलांच्या टोळक्याने त्याला रस्त्यात गाठून बेदम मारलं. गुन्हा काय? तर तो गरीब वस्तीतला.

सुझनला भयंकर राग आला. घरी येऊन तिने लिहायला सुरुवात केली. तेव्हा ती पंधरा वर्षांची होती.

त्या लेखनातून पुढे 'द आउटसायडर्स' ही कादंबरी झाली. पोनीबॉय नावाचा चौदा वर्षांचा मुलगा तिच्यात आपली हकिगत सांगतो. आईवडील अपघातात गेलेले, तो आणि त्याचे दोन थोरले भाऊ असे तिघेच एका घरात राहतात. श्रीमंत-गरिबांच्या त्या भांडणात काय काय घडतं ते मी सांगणार नाही, नाहीतर वाचायची गंमत जाईल. पण शेवटाबद्दल एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. पोनीबॉय इंग्रजीत नापास व्हायच्या बेतात असतो. सर म्हणतात, एक चांगला निबंध लिहून आण, मग तुला पास करतो. तो लिहायला बसतो, आणि शेवटी आपल्या लक्षात येतं की इतका वेळ आपण जी कादंबरी वाचली, तोच त्याचा निबंध आहे!

तुम्ही म्हणाल, सुझन पहिल्याच फटक्यात एवढं कसं लिहू शकली? तर तो पहिला फटका नव्हताच मुळी. त्याआधी तिने दोन पुस्तकं लिहिली होती. घोडे आणि काउबॉय हे तिचे लहानपणचे आवडते विषय. ती पुस्तकं तिने कोणाकडेही पाठवली नाहीत. म्हणजे 'पहिली' कादंबरी खरं तर तिसरी होती!

पुस्तकाचा बराचसा भाग तिने सोळाव्या वर्षी लिहिला. आपल्याकडची अकरावी म्हणा ना. आणि ते वर्ष साधंसुधं नव्हतं. तिचे वडील मेंदूच्या गाठीने आजारी होते, त्याच काळात ते वारले. घरात असं सगळं चाललेलं असताना ही मुलगी आपल्या खोलीत बसून लिहीत होती.

आता गंमत ऐका. गंमत तरी कशी म्हणू? आम्हा शिक्षकांना शरम वाटावी अशीच गोष्ट आहे. ज्या वर्षी तिने ही कादंबरी लिहिली, त्याच वर्षी शाळेत सर्जनशील लेखनाच्या विषयात तिला 'डी' श्रेणी मिळाली. 'डी' म्हणजे जेमतेम पास!

हे वाचलं आणि मी हातातलं पुस्तक खाली ठेवलं. कारण मला एक वही आठवली. कादंबरीची नव्हे, निबंधाची.

विषयांतर

सहावीत असताना मी या वर्गाला 'माझ्या वडिलांचा व्यवसाय' हा निबंध दिला होता. मर्यादा पंधरा ते वीस ओळी. शिंपीदादांच्या या मुलीने पाच पानं लिहिली होती. मी दुसऱ्या दिवशी ती वही मुद्दाम मागून घेतली. माझाच लाल शेरा होता: 'विषयांतर टाळ. मर्यादेत लिही.' गुण दहापैकी चार.

काय होतं त्या पाच पानांत? जूनमध्ये गणवेशांची घाई असते तेव्हा घरात जेवणाच्या ताटातसुद्धा दोऱ्याचे तुकडे सापडतात. एक आजी दर वर्षी आपली एकच जुनी पैठणी घेऊन येते, नातीला परकर शिवायचाय म्हणते, आणि कात्री लावायची वेळ आली की "आज नको" म्हणून परत घेऊन जाते. तयार कपड्यांचं मोठं दुकान समोर झालं त्या दिवशी वडिलांनी दिवसभर एकच बॉबिन तीनदा भरली आणि तीनदा रिकामी केली. हे सगळं त्या अकरा वर्षांच्या मुलीने लिहिलं होतं, आणि मी त्यावर 'विषयांतर' लिहून मोकळी झाले होते!

आणि कादंबरीत काय होतं? रिया नावाची एक मुलगी स्वित्झर्लंडला राहते. तिचे वडील उद्योगपती. एक हिऱ्यांचा हार चोरीला जातो आणि रिया चोर पकडते. वेगवान होती, हं. एका बैठकीत वाचून झाली. पण रियाच्या घरात कसला वास येतो, ती खिडकीतून बाहेर पाहते तेव्हा काय दिसतं, यातलं एक अक्षर नव्हतं. असणार कसं? आमच्या मुलीने स्वित्झर्लंड पाहिलाय कुठे? ज्या पोरीला बॉबिनवरून माणसाचं मन वाचता येतं, ती हिऱ्यांच्या हाराच्या मागे धावत होती. आणि तिला त्या वाटेवर मीच ढकललं होतं की काय, अशी शंका मला अजून छळते. घरचं लिहिलं तर चार गुण मिळतात, हे ती शिकली होती.

मी तिला बोलावलं. आधी निबंधाच्या वहीवरचा माझा शेरा खोडला, तिच्यासमोरच. मग विचारलं, "अगं, ती पैठणीवाली आजी रियाला कधी भेटतच नाही का?"

ती म्हणाली, "बाई, तसलं कोण वाचणार?"

टल्सातली मारामारी तरी कोण वाचणार होतं?

कच्चा टाका

मुलांनो, कादंबरी लिहिताना सगळ्यांत जास्त वेळ कशात जातो ठाऊक आहे? लिहिण्यात नव्हे, पुन्हा लिहिण्यात. 'द आउटसायडर्स'चा पहिला खर्डा टाइप केलेली जेमतेम चाळीस पानं होता. गोष्ट सगळी होती, पण नुसता सांगाडा. मग सुझनने तो पुन्हा लिहिला, मग पुन्हा. दर खेपेला माणसं थोडी अधिक बोलू लागली, रस्ते दिसू लागले. असं करत करत तिने त्यावर सुमारे दीड वर्ष घालवलं.

हे मी त्या मुलीला सांगितलं तेव्हा तिचं तोंड एवढंसं झालं. "म्हणजे सगळं परत लिहायचं?" दोनशे पानी वही परत लिहायची म्हणजे काही चेष्टा नाही, हे मलाही कळत होतं. पण तिचे वडील शेजारीच बसले होते. ते पटकन म्हणाले, "म्हणजे कच्चा टाका गं! आधी कच्चा टाका घालायचा, गिऱ्हाईकाला घालून बघायचं, कुठे ओढतंय, कुठे सैल पडतंय ते. मग उसवायचं, आणि मग पक्की शिलाई." पोरीला जे पंधरा मिनिटं समजावत होते ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं.

घालून बघायचं म्हणजे काय, तर कोणाला तरी वाचायला द्यायचं. शक्य झालं तर मोठ्याने वाचून दाखवायचं. ऐकणारा कुठे जांभई देतो, कुठे पुढे सरकून बसतो, तिथे पेन्सिलने खूण करायची. आईला वाचून दाखवाल तर ती सगळंच छान म्हणेल, म्हणून एखादा भांडकुदळ भाऊ पाहा.

आणि लिहायला सुचलंच नाही तर? तेही सुझनला चुकलं नाही. पहिल्या पुस्तकाने नाव झालं आणि त्या नावाचंच तिला दडपण आलं. तीन-चार वर्षं काही लिहिता येईना. शेवटी तिच्या मित्राने, ज्याच्याशी तिचं पुढे लग्न झालं त्याने, एक अट घातली. रोज दोन पानं लिहायची. नाही लिहिली तर संध्याकाळी फिरायला जायचं नाही! अशी दोन-दोन पानं साठत दुसरी कादंबरी झाली. ती १९७१मध्ये प्रसिद्ध झाली.

छापलं कसं?

सुझनच्या एका मैत्रिणीची आई मुलांसाठी लिहीत असे. तिच्यामुळे न्यूयॉर्कमधल्या एका एजंटचं नाव समजलं. तिथे लेखक आणि प्रकाशक यांच्यामध्ये एजंट असतो. तो पुस्तक योग्य प्रकाशकाकडे नेतो आणि लेखकाला मिळणाऱ्या पैशातून आपला हिस्सा घेतो. आपल्या मराठीत ही पद्धत रुजलेली नाही, लेखक स्वतःच प्रकाशकाला लिहितो. सुझनने टपालाने हस्तलिखित पाठवलं. ज्या दिवशी शाळेचा निरोप समारंभ होता त्याच दिवशी 'वायकिंग प्रेस' या प्रकाशन संस्थेचं करारपत्र तिच्या हातात पडलं. १९६७च्या एप्रिलमध्ये पुस्तक बाहेर आलं. तेव्हा ती अठरा वर्षांची होती आणि टल्सा विद्यापीठात पहिल्या वर्षाला होती.

पुस्तकावर नाव मात्र सुझन नव्हतं, 'एस. ई. हिंटन' होतं. टोळ्यांच्या मारामाऱ्यांचं पुस्तक मुलीने लिहिलंय म्हटल्यावर परीक्षक ते गंभीरपणे घेणार नाहीत, अशी प्रकाशकांना भीती वाटली होती. कितीतरी वाचक वर्षानुवर्षं तिला मुलगाच समजत होते.

पुस्तक सुरुवातीला फार खपलं नाही. मग हळूहळू शिक्षक ते वर्गात वाचून घेऊ लागले. एरवी पुस्तकाला हात न लावणारी मुलं ते वाचतात, असं त्यांच्या लक्षात आलं. काही शाळांनी मात्र मारामाऱ्या आणि सिगारेटी पाहून ते ग्रंथालयातून काढूनही टाकलं. दोन्हीकडे शिक्षकच! १९८०मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका शाळेच्या ग्रंथपालबाईंनी आणि मुलांनी सह्या गोळा करून फ्रान्सिस फोर्ड कोपोला या नामवंत दिग्दर्शकाला पत्र पाठवलं की या पुस्तकावर तुम्ही सिनेमा काढा. त्यांनी तो काढला. १९८३मध्ये तो पडद्यावर आला. त्या सिनेमातल्या घराचं टल्सामध्ये आता संग्रहालय झालं आहे, आणि २०२४मध्ये या कथेवरच्या संगीत नाटकाला टोनी हे अमेरिकेतलं रंगभूमीवरचं मोठं पारितोषिक मिळालं.

आपल्याकडेही फार मागे जाऊन पाहा. ह. ना. आपटे यांची पहिली कादंबरी 'मधली स्थिती' १८८५मध्ये 'पुणे वैभव' या पत्रात येऊ लागली तेव्हा ते एकवीस वर्षांचे होते. पुढे मराठी कादंबरीला त्यांनी नवं वळण दिलं, पण पदवी काही त्यांना मिळाली नाही. गणित आडवं आलं म्हणतात. (हे वाक्य आईबाबांना दाखवू नका!)

आता शिंपीदादांच्या प्रश्नाकडे येऊ.

पैसा कुठून कुठे?

पालकहो, पुस्तक छापताना एकच गोष्ट आधी पाहायची. पैसे कोण कोणाला देतंय? रीतसर प्रकाशक हस्तलिखित वाचतो, आवडलं तर कागद, छपाई, मुखपृष्ठ यांचा खर्च स्वतः करतो, आणि विक्रीतून लेखकाला ठरलेला हिस्सा देतो. न आवडलं तर नाही म्हणतो. ही 'नाही' फार कामाची असते. जो पैसे घेऊन छापतो तो कधीच नाही म्हणत नाही. त्याला वही उघडून पाहायचीही गरज नसते, कारण त्याचा नफा वाचकाकडून येत नाही, तुमच्याकडून येतो.

स्वतः पैसे घालून पुस्तक काढणं म्हणजे पाप आहे असं मी म्हणत नाही. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातला ख्रिस्तोफर पाओलिनी पंधराव्या वर्षी 'एरागॉन' लिहायला बसला. ती कादंबरी २००२मध्ये त्याच्या आईवडिलांनीच छापली. पण त्यांचं घरचं छोटं प्रकाशन होतं, कामाची माहिती होती. छापण्याआधी लिहिणं, पुन्हा लिहिणं, तपासणं यात वर्षं गेली. छापल्यावर सगळं कुटुंब पुस्तकं घेऊन गावोगाव फिरलं, शंभराहून जास्त शाळा आणि ग्रंथालयं पालथी घातली. पोरगा जुन्या काळातल्या पोशाखात बोलायला उभा राहायचा! त्यातली एक प्रत कार्ल हायसन या लेखकाच्या सावत्र मुलाच्या हाती पडली, त्याने वडिलांना सांगितलं, वडिलांनी आपल्या प्रकाशकाला सांगितलं. मग २००३मध्ये मोठ्या प्रकाशनाने ते पुस्तक नव्याने काढलं. शंभर प्रती पलंगाखाली ठेवून हे होत नाही.

आणखी काही गोष्टी मला या निमित्ताने कळल्या. पुस्तकावर मागे पट्ट्यापट्ट्यांचं चित्र आणि आकडा असतो ना, तो आयएसबीएन. तो आपल्या देशात सरकारी यंत्रणेकडून फुकट मिळतो. त्याचे वेगळे हजारो रुपये कोणी मागितले तर सावध व्हा. लिहिलेल्या मजकुराचा स्वामित्वहक्क १९५७च्या कायद्याने लिहिणाऱ्याचा असतो, लिहिणारा सातवीत असला तरी! तो मिळवायला कुठे नोंदणी करावीच लागते असं नाही. करारपत्रात तो हक्क कायमचा लिहून मागितलेला नाही ना, ते वाचून पाहा. अठरा वर्षांखालच्या मुलाने स्वतः केलेला करार आपल्या कायद्यात टिकत नाही, म्हणून तिथे आईवडिलांची सही लागते. सही तुमची, म्हणजे वाचायची जबाबदारीही तुमची. आणि मुलांनो, वहीची एकुलती एक प्रत कधीही कोणाला देऊ नका. झेरॉक्स काढा, नाहीतर मोबाईलवर पानांचे फोटो काढून ठेवा.

शिंपीदादांना मी सांगितलं, "मशीन घ्या." त्यांनी "बरं" म्हटलं, पण मुलगी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. वर्गात हजेरीला "हजर बाई" म्हणायची ती फळ्याकडे बघून. मला वाटलं, संपलं. मी सहावीत एकदा पाणी ओतलं, सातवीत दुसऱ्यांदा.

तिसऱ्या दिवशी ती आली. म्हणाली, "बाई, आपल्या हस्तलिखितात एक प्रकरण घ्याल का?"

आमच्या शाळेचं दर वर्षी एक हस्तलिखित निघतं. तुमच्याही शाळेत निघत असेल, नसेल तर सुरू करा. चांगल्या अक्षराची मुलं कोऱ्या कागदांवर लिहितात, चित्रवाले चित्रं काढतात, शेवटी सुतळीने शिवायचं. प्रत एकच. साने गुरुजी अमळनेरला शिक्षक होते तेव्हा वसतिगृहातल्या मुलांसाठी रोजच्या रोज हाताने लिहून 'छात्रालय दैनिक' काढायचे. रोजच्या रोज! आम्हाला वर्षातून एकदा जमतं. यंदाच्या अंकात 'प्रकरण पहिले' आलं. रिया नव्हती. स्वित्झर्लंड नव्हतं. बाजारपेठेतलं एक दुकान होतं, समोरच्या दुकानाचे झगझगीत दिवे होते आणि एक आजी पैठणी घेऊन पायरी चढत होती.

ती एकच प्रत वर्गावर्गांतून फिरली. पाचवीतल्या एका मुलाने ती घरी नेली आणि चार दिवसांनी परत आणली, कोपऱ्याला हळदीचा डाग लावून. त्यावरून मी त्याला रागावत होते, पण त्याचं लक्ष माझ्याकडे नव्हतंच. तो सातवीच्या दारात उभ्या असलेल्या त्या मुलीला विचारत होता, "ताई, आजी शेवटी पैठणी कापते का गं?"

"अजून ठरलं नाही," ती म्हणाली. "तिसऱ्यांदा लिहितेय."